कमी पाण्यात मासे आणि भाजी: माण, जत, आटपाडीच्या पट्ट्यात ॲक्वापोनिक्स कसे उभारावे

सातारा आणि सांगली हे पाण्याच्या बाबतीत दोन टोकांचे जिल्हे आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास थांबतो. कृष्णाकाठच्या सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर सोसला, तर त्याच जिल्ह्यातल्या जत आणि आटपाडीत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी दुष्काळी पट्ट्यात पाणी आणले हे खरे आहे, पण ते आवर्तनाने येते. परसातल्या पालेभाजीला मात्र रोज पाणी लागते. ही रोजची गरज घरच्या घरी आणि मोजक्या पाण्यात भागवण्याची एक रीत म्हणजे ॲक्वापोनिक्स.

या पद्धतीत एका टाकीत मासे वाढवायचे, त्यांच्या विष्ठेमुळे सकस झालेले पाणी खडीने भरलेल्या वाफ्यात सोडायचे, तिथे रोपांनी त्यातले अन्नद्रव्य घ्यायचे आणि निवळलेले पाणी पुन्हा माशांच्या टाकीत आणायचे, असे चक्र चालते. पाणी जमिनीत मुरत नाही आणि वाहूनही जात नाही. जे जाते ते बाष्पीभवनाने आणि पानांवाटे. चांगल्या उभारलेल्या संचात एकूण पाण्याच्या १ ते ३ टक्के एवढेच पाणी रोज नव्याने घालावे लागते. वेस्ट इंडीजमधल्या सेंट क्रॉय बेटावर जेम्स राकोसी यांनी ही पद्धत १९८० च्या दशकापासून वर्षानुवर्षे प्रयोग करून घडवली, तेव्हा त्यामागेही गोड्या पाण्याची टंचाई हेच कारण होते.

मात्र या चक्रात मासे आणि भाजी यांच्यामध्ये एक तिसरा घटक असतो आणि सगळे यशापयश त्याच्यावर ठरते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि तो त्यांनाच विषारी असतो. खडीच्या पृष्ठभागावर वाढणाऱ्या जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइटही माशांना घातक असते, परंतु नायट्रेट त्यांना बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसते आणि रोपांना तेच हवे असते. म्हणून आधी जिवाणू वाढवावेत, मग मासे आणावेत आणि माशांच्या खाद्याच्या मापाने भाजी लावावी. हा क्रम उलटा केला की मासे मरतात, आणि दोष पद्धतीला दिला जातो.

पाण्याचा हिशेब

पहिला संच घरापुरता असावा: माशांसाठी हजार लिटरची टाकी आणि प्रत्येकी एक मीटर रुंद, सव्वा मीटर लांब व ३० सेंटिमीटर खोल असे दोन वाफे. त्याला रोज सरासरी २५ लिटर पाणी धरले, तर वर्षाला सुमारे नऊ हजार लिटर लागतात. एक चौरस मीटर छतावर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. पन्नास चौरस मीटरच्या छतावर अवघा ४०० मिलीमीटर पाऊस झाला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी १६ हजार लिटर हाती येतात. पावसाळा सरल्यापासून पुढच्या जूनपर्यंतची गरज भागवायला सहा हजार लिटरची साठवण पुरी पडते. ज्या गावाने पाणीटंचाई पाहिली आहे तिथे हा आकडा फार मोलाचा आहे, आणि माझ्या मते संचाच्या खर्चाच्याही आधी छताच्या पन्हाळीचा आणि साठवण टाकीचा विचार झाला पाहिजे.

पावसाच्या पाण्याचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे. आपल्याकडच्या बोअरचे पाणी बहुधा जड असते, त्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे याचे माप) आठच्या आसपास असतो, आणि कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात त्यात मीठही उतरलेले असते. मासे, जिवाणू आणि रोपे या तिघांना सोसेल असा सामू ६.८ ते ७.२ आहे. त्यातही अमोनियाचा विषारी अंश सामूबरोबर झपाट्याने वाढतो. तापमान तेच असताना सामू सातवरून आठवर गेला तर हा अंश सुमारे दहापट होतो. म्हणून बोअरचे पाणी वापरायचेच असेल तर त्यात पावसाचे पाणी मिसळावे, आणि तेवढ्याने भागत नसेल तर वेगळ्या पिंपात फॉस्फोरिक ॲसिडचे थेंब घालून सामू उतरवावा व ते पाणी दुसऱ्या दिवशी मोजून मगच संचात घ्यावे. ॲसिड थेट माशांच्या टाकीत कधीही घालू नये. ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी घेताना विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर (क्लोरीनची जंतुनाशक पूड) टाकलेली असते हे ध्यानात ठेवावे; असे पाणी उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवल्यावर त्यातला क्लोरीन निघून जातो. थोडासा क्लोरीनही माशांचे कल्ले जाळतो आणि जिवाणू मारतो.

टाकी, वाफे आणि खडी

टाकी प्लॅस्टिकची, गडद रंगाची आणि झाकता येण्याजोगी असावी, कारण उजेड मिळाला की पाणी शेवाळाने हिरवे होते. भंगारातली टाकी किंवा पिंप घेताना त्यात पूर्वी काय भरलेले होते याची खात्री करावी. रसायनाचे असेल तर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. सिमेंटची नवी टाकी बराच काळ सामू वाढवत राहते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, तांबे आणि पितळ यांचा पाण्याशी संबंध येऊ देऊ नये, कारण जस्त आणि तांबे माशांना बाधतात. पाइप, एल्बो आणि व्हॉल्व्ह सगळे पीव्हीसीचेच घ्यावेत. वाफ्यांसाठी लाकडाची किंवा विटांची चौकट करून तिला आतून शेततळ्याचा कागद (प्लॅस्टिकचे अस्तर) लावता येतो. शेततळ्याच्या कामातून उरलेला ५०० मायक्रॉनचा तुकडा यासाठी उत्तम, फक्त त्याच्या घड्यांवर चीर नाही ना हे पाहून घ्यावे.

खडी हा या संचाचा सगळ्यात जड भाग असतो आणि त्याचा अंदाज बहुतेकांना नसतो. अशा एका वाफ्यात साडेपाचशे ते सहाशे किलो खडी बसते, आणि पाणी भरल्यावर एकूण वजन सातशे किलोच्या घरात जाते. म्हणून जुन्या स्लॅबवर असा वाफा चढवू नये. अंगणात, विटांच्या पक्क्या ओट्यावर, टाकीच्या काठापेक्षा उंच असा तो बांधावा, म्हणजे पाणी आपोआप उताराने टाकीत परत येईल.

आपल्या भागात काळ्या बसाल्टची खडी सहज मिळते आणि पाऊण इंची खडी या कामाला योग्य आहे. परंतु आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत ठिकठिकाणी पांढरे खनिज भरलेले असते आणि त्यातले काही चुनखडीचे असते. यासाठी ढिगाच्या वेगवेगळ्या बाजूंनी दहा-बारा खडे उचलून धुवावेत, कोरडे करावेत आणि प्रत्येकावर, विशेषतः पांढऱ्या ठिपक्यांवर, व्हिनेगरचे थेंब टाकून कानाजवळ धरावेत. चुना असेल तर बारीक बुडबुडे उठतात आणि हलकी सरसर ऐकू येते. एखाद्याच खड्यावर असे झाले तर हरकत नाही. निम्म्या खड्यांवर झाले तर तो ढीग सोडून द्यावा, कारण तो विरघळत राहून सामू उतरू देणार नाही. निवडलेली खडी वाहत्या पाण्याखाली पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. कच राहिली की ती वाफ्याच्या तळाशी बसते, तिथे हवा पोहोचत नाही आणि सडका वास येऊ लागतो. धुण्याचे पाणी झाडांना घालावे.

पाणी फिरवण्याची व्यवस्था

पंप दीड मीटर उंचीवर तासाला हजार लिटर पाणी देईल असा निवडावा, म्हणजे टाकीतले सगळे पाणी तासाभरात एकदा वाफ्यांतून फिरून येते. पंपावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट क्षमतेचा पंप घ्यावा लागतो. पंपाचे पाणी टी लावून दोन्ही वाफ्यांत विभागावे आणि प्रत्येक फाट्याला बॉल व्हॉल्व्ह ठेवावा.

वाफा सतत भरलेला राहिला तर मुळे गुदमरतात आणि सतत रिकामा राहिला तर जिवाणू सुकतात, म्हणून तो भरावा आणि रिता व्हावा अशी योजना हवी. त्यासाठी बेल सायफन वापरतात. वाफ्याच्या तळातून २५ सेंटिमीटर उंचीचा एक इंची उभा पाइप वर आणतात, त्यावर वरचे तोंड बंद केलेला तीन इंची पाइप घंटेसारखा पालथा घालतात, त्याच्या बुडाशी पाणी आत येण्यासाठी खाचा ठेवतात आणि भोवती भोके पाडलेला मोठा पाइप उभा करून खडी दूर ठेवतात. पाणी उभ्या पाइपाच्या तोंडाशी येईपर्यंत काही घडत नाही; मग पाइपातून पातळ धार सुरू होते, ती जाड होत जाते, आतली हवा ओढली जाते, आणि घशातून निघावा तसा आवाज होऊन वाफा काही मिनिटांत टाकीत उपसला जातो. पाणी खाचांपर्यंत उतरले की हवा आत शिरते, सायफन तुटतो आणि वाफा पुन्हा भरू लागतो. नुसतीच पातळ धार लागून राहिली आणि सायफन सुरूच झाला नाही, तर पाण्याचा ओघ कमी पडतो आहे असे समजून व्हॉल्व्ह थोडा उघडावा. सायफन सुरू होऊन तुटत नसेल तर व्हॉल्व्ह थोडा बंद करावा. एका वाफ्यात एका वेळी सुमारे १२० लिटर पाणी साठते, म्हणजे दोन्ही वाफे भरलेले असताना टाकीची पातळी जवळजवळ चौथ्या हिश्श्याने उतरते. पंप बसवताना हे गृहीत धरावे.

खडीचा वरचा पाच सेंटिमीटरचा थर कोरडाच राहिला पाहिजे. त्यामुळे शेवाळ धरत नाही, बाष्पीभवन कमी होते आणि माशांचे पाणी पानांना लागत नाही.

वीज गेल्यावर पंप काही वेळ थांबला तरी चालते, हवा थांबून चालत नाही. म्हणून टाकीत वेगळा एअर पंप आणि दोन एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे खडे) असावेत व ते इन्व्हर्टरवर किंवा छोट्या सौर पॅनलच्या बॅटरीवर जोडलेले असावेत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये आणि पाणी जितके तापते तितका तो कमी मावतो, हे एप्रिल-मे महिन्यांत विसरून चालणार नाही. टाकी पत्र्याच्या किंवा शेडनेटच्या सावलीत ठेवावी. वाफ्यांवर उन्हाळ्यात ५० टक्क्यांचे शेडनेट पुरते.

जिवाणू आधी

संच चालू करून एक-दोन दिवस नुसते पाणी फिरवावे, गळती पाहावी आणि मग माशांशिवाय जिवाणू वाढवायला घ्यावेत. त्यांना अन्न म्हणून अमोनिया लागतो आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारे अमोनियम सल्फेट त्यासाठी चालते. हजार लिटरला १० ग्रॅम घातले की लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम नत्र मिळते. त्याहून जास्त घालून काम लवकर होत नाही. एखाद्या निरोगी मत्स्यटाकीतली मूठभर जुनी खडी मिळाली तर ती वाफ्यात मिसळावी, म्हणजे विरजणाचे काम होते.

शेणकाला, जीवामृत किंवा शेणखत घालण्याचा मोह इथे प्रत्येक शेतकऱ्याला होतो आणि तो आवर्जून टाळला पाहिजे. जमिनीला जे पोषक, ते बंद पाण्याला घातक ठरते: शेणातले सेंद्रिय द्रव्य पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते आणि त्यातले रोगजंतू थेट पालेभाजीच्या मुळाशी फिरत राहतात.

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा थेंबांचा तपासणी संच घ्यावा आणि एक दिवसाआड अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व सामू मोजून वहीत लिहावा. पहिले काही दिवस फक्त अमोनिया दिसतो. मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. शेवटी नायट्राइट उतरून नायट्रेट साठू लागते. याला उबदार हवेत चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत अधिक. १० ग्रॅमची मात्रा घातल्यानंतर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की संच मासे घेण्यास तयार झाला.

कोणते मासे, किती आणि खाद्य किती

माण-खटाव भागात हिवाळ्यातल्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि उन्हाळ्यात चाळिशी गाठतो. पंगस जोमाने वाढतो, पण थंडीत खाणे सोडतो. रोहू आणि कटला यांना मोठे तळे मानवते. चिलापी (तिलापिया) या पद्धतीत जगभर वापरतात, मात्र आपल्याकडे तिच्या संवर्धनाला परवानगी लागते, ती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून आधी घ्यावी. थाई मांगूर पाळण्यास देशात बंदी आहे; कोणी कितीही खात्री दिली तरी तो आणू नये. दोन्ही ऋतू सोसणारा आणि सहज मिळणारा म्हणून सुरुवातीला सायप्रिनस (कॉमन कार्प) मला सगळ्यात योग्य वाटतो. माळकरी घरांत मासे खाल्ले जात नाहीत, पण म्हणून ही पद्धत त्यांना बंद नाही: शोभेचे कोई मासेही तेच काम करतात, आणि ते वर्षानुवर्षे जगतात.

माशांची संख्या वाफ्याच्या क्षेत्रावरून ठरवावी. पालेभाजीच्या प्रत्येक चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम माशांचे खाद्य पडले की अन्नद्रव्यांचा मेळ बसतो. आपले दोन वाफे मिळून अडीच चौरस मीटर भरतात, म्हणजे रोज १०० ते १२५ ग्रॅम खाद्य. वाढलेला मासा वजनाच्या साधारण दोन टक्के खातो, तेव्हा एवढे खाद्य पाच-सहा किलो माशांना पुरते. दोनशे ग्रॅमचे तीस मासे म्हणजे सहा किलो. म्हणून तीस-पस्तीस बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्ले) पुरेत. हजार लिटरच्या टाकीत शंभर मासे सोडल्याचे ऐकायला मिळते, पण एवढ्या माशांसाठी गाळण्याची वेगळी यंत्रणा आणि अखंड वीज लागते. पाच-सहा किलोच मासे असतील, तर हवा बंद पडल्यावर निस्तरायला काही तास तरी मिळतात.

यातून आणखी एक गोष्ट निघते. दहा ग्रॅमची तीस बोटुकली मिळून तीनशे ग्रॅम भरतात आणि वजनाच्या पाच टक्के धरले तरी दिवसाला १५ ग्रॅमच खातात. एवढ्यावर वाफ्याचा एक कोपरा पोसला जातो, सगळा वाफा नाही. मासे आणले त्याच आठवड्यात दोन्ही वाफे रोपांनी भरले तर पाने पिवळी पडणारच. पहिले दोन-तीन महिने अर्ध्या वाफ्याहून कमी लावावे आणि मासे शंभर ग्रॅमच्या आसपास आले की लागवड पसरवावी.

बोटुकलीची पिशवी आणल्यावर ती वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घ्यावे आणि मग मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. खाद्य तरंगणारे, २८ ते ३२ टक्के प्रथिनांचे घ्यावे आणि दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. उरलेले जाळीने काढावे. कडाक्याच्या थंडीत आणि ढगाळ दिवसांत खाद्य कमी करावे. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडे ठेवून गोळा झालेले दिसले तर प्राणवायू कमी पडतो आहे. त्या दिवशी खाद्य बंद ठेवून हवा वाढवावी. टाकीवर जाळी कायम असावी, कारण खंड्या आणि मांजर या दोघांना टाकीचा पत्ता लवकर लागतो.

भाजी आणि तिची राखण

पालक, पुदिना, चुका, कोथिंबीर आणि सॅलडची पाने यांनी सुरुवात करावी. टोमॅटो, मिरची आणि वांगी यांना अन्नद्रव्ये जास्त लागतात, ती संच सहा-आठ महिन्यांचा झाल्यावर लावावीत. गाजर आणि मुळा खडीत वेडेवाकडे वाढतात. रोपे कोकोपीटमध्ये तयार करून, मुळे हलक्या हाताने धुऊन खडीत लावावीत. वाफा जुना होऊ लागला की त्यात मूठभर गांडुळे सोडावीत. माशांचा घट्ट मळ ती फोडत राहतात आणि खडी तुंबत नाही.

माशांच्या खाद्यातून नत्र आणि स्फुरद मिळते, पण लोह आणि पालाश (पोटॅश) कमी पडतात. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता समजावी. हिराकस (फेरस सल्फेट) इथे उपयोगी पडत नाही, कारण या सामूला त्यातले लोह गंजून तळाशी बसते. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळून राहील अशा रूपातले), ईडीडीएचए प्रकारचे आणि सहा टक्क्यांचे, हजार लिटरला ३० ते ३५ ग्रॅम दर तीन आठवड्यांनी द्यावे. पाणी लालसर दिसते, त्याने माशांना अपाय होत नाही. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पालाश कमी आहे. जिवाणूंच्या कामामुळे सामू हळूहळू उतरत जातो आणि साडेसहाच्या खाली गेला की त्यांचे काम मंदावते. अशा वेळी चुन्याची निवळी आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून, थोडे थोडे द्यावे, म्हणजे सामूबरोबर कॅल्शियम आणि पालाशही मिळतात. जड पाणी वापरणाऱ्यांना चुन्याची गरज सहसा पडत नाही.

किडीसाठी कोणतेही रासायनिक कीटकनाशक वापरू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही मारतात. निंबोळी अर्क आणि तंबाखूचा काढा नैसर्गिक असले तरी माशांना बाधतात, तेव्हा तेही वाफ्यावर फवारू नयेत. कीटकरोधक जाळी, पिवळे चिकट सापळे आणि सकाळी पानांच्या मागे पाहून अळ्या हाताने वेचणे एवढे घरच्या संचाला पुरते. मासा आजारी पडला तर त्याला वेगळ्या टबात घेऊन उपचार करावेत. औषध किंवा मीठ मुख्य टाकीत घातले तर ते जिवाणूंना आणि रोपांनाही भोगावे लागते.

मासे काढताना सगळे एकदम काढू नयेत, नाहीतर रोपांचे अन्न एका दिवसात बंद होते. मोठे झालेले पाच-सहा काढावेत आणि त्यांच्या जागी तेवढीच बोटुकली वेगळ्या पिंपात दोन आठवडे निरोगी राहिल्याचे पाहून सोडावीत. काढायच्या माशांना एक-दोन दिवस स्वच्छ, हवा सोडलेल्या पाण्यात उपाशी ठेवावे, म्हणजे मांसाचा मातकट वास कमी होतो. त्या पिंपातले पाणी परसातल्या शेवग्याला किंवा लिंबाला घालावे.